कुडकुडायचं नाही

बिरगाव, रायपूर
१४ मे २०२५

चेतना,
जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नको. घरी सगळे ठीक आहेत. फोन तू माझा उचलत नाही, अन् उचलला तं "हो, बरं, ठेवते" एवढ्यात संपते, म्हणून टपालानं लिहून राहिलो. पत्ता तुझ्या भावाच्या, धम्मदीपच्या मोबाइलातून उतरवला, त्याले न विचारता.

कारण असं आहे. मागच्या रविवारी इथल्या एका हिंदी पेपरात तुझा फोटो आला. वर "रायपुर की बेटी" अन् खाली मोठ्या अक्षरात "ठंड से पिघलेगी चर्बी, बिना कसरत, बिना कांपे." तू पांढऱ्या कोटात, हातात कसलीशी नळी. कात्रण काढून मी फ्रिजवर चिकटवलं. पाणी प्यायले गेलो की दिसते. केस कापलेस, ते काही मले आवडलं नाही, पण आता तू चौतीस वर्षांची झाली, तुझे केस तू जाण.

मग तुझ्या भाचीनं, पायलनं, तुझं भाषण यूट्यूबवर लावून दिलं. इंग्रजीतलं मले काय कपाळ समजते. ती पोट्टी दर दोन मिनिटांनी थांबवून हिंदीत सांगे. "दादाजी, मसल में एक पंप होता है, कैल्शियम को इधर से उधर करता है. अब एक छोटा सा प्रोटीन आके उसको पकड़ लेता है. नाम है सार्कोलिपिन. पंप चलता रहता है, पर कैल्शियम जाता ही नहीं. सारी एनर्जी गर्मी बन जाती है." मी म्हटलं, हात्तिच्या, हे तं मले माहीत आहे. उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं भट्टीवर काढली मी. तिथं पट्टा सैल झाला की मोटर फिरते, पुली फिरते, माल जागचा हालत नाही. वीज तेवढीच जाते अन् पुली अशी तापते की हात लावता येत नाही. आम्ही त्याले नुकसान म्हणायचो अन् फिटरच्या नावानं शंख करायचो. तू म्हणते शरीरात हाच सैल पट्टा कामाचा आहे, बसल्या जागी खाल्लेलं जाळते. ज्या उंदरांमध्ये तो प्रोटीन जास्त असते ते तुपातलं खाऊनही फुगत नाहीत. मी पायलले पुन्हा ते मागं घ्यायले लावलं. तीनदा पाह्यलं.

"बसल्या बसल्या काय करते ही पोट्टी." हे वाक्य मी आपल्या घरात किती वेळा म्हटलं असेल. असो, तो विषय नाही.

विषय हा आहे की माझ्या ओळखीतला एक माणूस हे करून पाहून राहिला. बर्फाच्या पाण्यात बसते. त्याले माहिती पाहिजे की पाणी किती अंशावर ठेवावं, किती मिनिटं बसावं, अन् कुडकुडी भरली तं त्यानं काय नुकसान होते. "बिना कांपे" म्हणजे कुडकुडी दाबायची, असंच ना? तू दोन ओळी लिहून पाठव. माणूस चांगला आहे, त्याचं काही चुकू नये असं मले वाटते.

धम्मदीप मालगाडीवर असते, चार दिवस घरी तं चार दिवस बाहेर. तुझी वहिनी सुजाता अभनपुरच्या तहसीलमध्ये लागली, सकाळी साडेआठले जाते ते सहाले येते. पायल दहावीत गेली. सुट्ट्या आहेत, दिवसभर घरी ती अन् मी. गरमी चव्वेचाळीसवर गेली. तुमच्या बंगळुरात बरं असेल.

तुझा
बाबा


२३ मे २०२५

चेतना,

मागच्या पत्राचं उत्तर पाठवू नको. त्या माणसानं ते बंद केलं.

पायलले बरं नाही. धम्मदीपनं तुले व्हायरल सांगितलं असेल, तसंच समज. तीन दिवसांपासून शंकर नगरच्या एका दवाखान्यात आहे, मी हे तिच्या पलंगापाशी बसून लिहून राहिलो. सलाइन सुरू आहे. सुजातानं सुट्टी टाकली, ती डबा आणायले घरी गेली. जातांना माझ्याशी बोलली नाही.

इथला एसी फार थंड आहे. मी सिस्टरले म्हटलं, बाई, बंद करा तो, पोट्टीले थंडी वाजून राहिली. तिनं पायलले हात लावून पाह्यला. म्हणाली, "बच्ची तो गरम है अब, बाबूजी. कांप तो आप रहे हो."

आज पायलनं अर्धी वाटी खिचडी खाल्ली. नंतर तोंड भिंतीकडे केलं.

बाबा


२७ मे २०२५

चेतना,

तो ओळखीतला माणूस म्हणजे पायल.

लिहिलं एकदाचं. काल धम्मदीप गाडीवरून आला तं मी त्याले म्हटलं, चेतनाले खरं काय ते तूच सांग, माझ्यानं होत नाही. तो खाली बसून बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, जिसने किया है वो बताए." लहानपणापासून माझ्याशी मराठीत बोलणारा माझा पोरगा काल हिंदीत बोलला.

पायल अंगानं तुझ्यावर गेली. तू तिले चार वर्षांपूर्वी पाह्यलं, आई वारली तेव्हा पुण्यानुमोदनाले, तेव्हा काडी होती. आता भरली. शाळेत पोट्ट्या तिले काय म्हणत होत्या ते मले माहीत नाही. घरात मी काय म्हणत होतो ते माहीत आहे. तुले म्हणत होतो तेच. इतक्या वर्षांत मी नवे शब्दही शोधले नाहीत.

तुझं भाषण ऐकून ती म्हणाली, "दादाजी, बुआ वाला करके देखें?" अन् मलेच हुरूप आला. पाच वर्षं झाली रिटायर होऊन, कोणी मले काही विचारत नाही. इथं तं सगळं माझ्या हातातलं होतं. अंश, मिनिटं, वजन, लॉगबुक. बर्फ कारखान्यातला विकी रोज बर्फाची अर्धी सिल्ली, म्हणजे लादी, देई, ती बोऱ्यात गुंडाळून स्कूटरवर आणायचो. मागच्या आंगणात कपडे धुवायचा मोठा टब. बाहेर चव्वेचाळीस, टबात बारा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग वीस, मग चाळीस. मिलमधली एक कोरी लॉगबुक घरी पडली होती, तिच्यात शिफ्टवर लिहायचो तसं सगळं लिहायचो. अन् सुजाता यायच्या आधी टब पुसून भिंतीले उभा करून ठेवायचो. म्हणजे मनातून समजत होतं मले, की हे कोणाले सांगण्यासारखं नाही.

अन् चेतू, मी तिले कुडकुडू दिलं नाही. पेपरात "बिना कांपे" छापलं होतं. मले वाटलं, कुडकुडली की सगळी मेहनत वाया. तिचे दात वाजायले लागले की मी म्हणायचो, "कुडकुडायचं नाही, पायल. आवर." ती पोट्टी मुठी आवळून, जबडा दाबून, माझ्याकडे पाहत बसायची. मी शाब्बास म्हणायचो.

जेवण तिनं आधीच कमी केलं होतं. ताट घेऊन आत जायची अन् पोळ्या खिडकीतून गायीले टाकायची, हे सुजाताले नंतर शेजारणीनं सांगितलं. मले एवढंच दिसत होतं की ती दुसरी पोळी मागत नाही. त्याचंही मी कौतुकच केलं.

नवव्या दिवशी, वीस तारखेले, ती पाण्यात बसली असतांना कुडकुडणं आपोआप थांबलं. मी खुश झालो. लॉगबुकात लिहिलं, "कंप बंद." अजूनही लिहिलेलं आहे, माझ्या अक्षरात. मग ती काहीतरी बोलली, तोंडात जीभ जड झाल्यासारखं, अन् उठायले गेली तं टबाच्या काठावरच पडली. दवाखान्यात तिच्या अंगाचे अंश सदतीसच्या जागी तेहेतीस निघाले. डॉक्टरनं विचारलं, मई के महीने में बच्ची इतनी ठंडी कैसे हुई? मी सांगितलं. त्याचा पेन थांबला. मग त्यानं ते तसंच लिहून घेतलं. मले रागावला असता तं बरं झालं असतं.

आता तुले एक सांगतो, कारण हे तूच समजशील. नवीन विटा लावलेली भट्टी आम्ही तीन-तीन दिवस हळूहळू तापवत होतो. अन् तापलेल्या भट्टीचा दरवाजा मी कोणाले उघडू देत नव्हतो, थंड हवा लागली की वीट तडकते म्हणून. एकदा एका हेल्परनं उघडला तं मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो. विटेसाठी. अन् घरची पोट्टी चव्वेचाळीसातून उचलून मी बारा अंशात बसवत होतो रोज, अन् ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही.

पायल परवा घरी आली. दिसायले ठीक आहे. पण जेवत नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवत नाही, अन् आत किती जेवते याचा भरवसा नाही. डॉक्टर म्हणते, खायले लावा, वाढतं वय आहे, असंच चाललं तं पुन्हा भरती करावं लागेल. सुजातानं समजावलं, धम्मदीपनं समजावलं, रागावलाही. ती ऐकत नाही. कात्रण मात्र तिनं फ्रिजवरून काढून आपल्या कंपासात ठेवलं. ती फक्त तुझं ऐकेल असं मले वाटते.

तिले फोन कर. माझ्यासाठी नाही. माझ्याशी तू नको बोलू, माझी काही तक्रार नाही. पण पायलशी बोल, चेतना. तुले सांगतो, मले भीती वाटून राहिली.

बाबा


८ जून २०२५

चेतना,

बारा दिवस झाले. पत्र पोचलं असेल. तू काहून लिहीत नाहीस हे मले माहीत आहे, म्हणून रागही येत नाही. म्हणजे येते थोडा, मग जाते.

पायल थोडी बरी आहे. दुपारी दार लावून फोनवर कोणाशी तरी बोलते. परवा आतून हसण्याचा आवाज आला. मैत्रीण असेल. पण ताट अजून आतच नेते. चार दिवसांपूर्वी मी म्हटलं, बेटा, इथं बस ना माझ्यापाशी. तं तिनं मले सरळ विचारलं, "दादाजी, बुआ को भी आपने ऐसे ही तौला था ना? दादी ने बताया था."

मी अंघोळीले गेलो. दुसरीकडे कुठं जाणार.

हे पत्र त्याच्यासाठी आहे. अठरा वर्षं झाली, मी तो विषय काढला नाही अन् तूही काढला नाही, अन् मले वाटलं विसरली असशील. खोटं लिहिलं. मले असं कधीच वाटलं नाही.

सतरा सप्टेंबर होती, विश्वकर्मा पूजा. आपण पूजेले हात जोडत नाही, पण त्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांच्या घरचे यायचे, पंगत असायची, आपणही जायचो. तू सोळा वर्षांची. आईनं शिवलेला हिरवा ड्रेस. गेटजवळच्या धर्मकाट्यावर, जिथं भंगाराचे ट्रक तोलतात, तिथं लहान पोट्टे चढून उड्या मारत होते. काटा कधी शून्य दाखवे, कधी वीस. तू आईपाशी उभी होती, तुझं काही लेणंदेणं नव्हतं. मी चार लोकांत उभा होतो अन् मले गंमत सुचली. मी म्हटलं, "चेतू, तू चढ वो, तुझ्यानंच हालन हा काटा." तू नाही म्हणत होती. मी हाताले धरून चढवलं. काट्यावरचा गुलाबराव खिडकीतून ओरडला, "अस्सी!" ड्रायव्हर हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

त्या दिवशी पंगतीत तू बसली नाहीस. त्यानंतर माझ्यासमोर कधी जेवलीच नाहीस. ताट घेऊन आत जायची, भिंतीकडे तोंड करून. आई म्हणे, तुम्ही काय केलं ते पाहा. मी म्हणायचो, थट्टा केली, त्यात काय झालं. दोन वर्षांनी तू शिकायले गेली ती गेलीच. आई वारली तेव्हा आली. सगळे बायका-माणसं बसलेले, तू मले एवढंच विचारलं, "पाणी देऊ का?" मी हो म्हटलं. तो पेला मी तसाच बाजूले ठेवला.

तो काटा तेव्हा वीस-वीस किलोच्या टप्प्यानं चालायचा. ट्रक तोलायले तेवढं पुरते. माणूस त्याच्यावर बरोबर तोलताच येत नाही. हे मिलमध्ये मले माहीत नसेल तं कोणाले असेल? म्हणजे तुझं खरं वजन मले त्या दिवशीही माहीत नव्हतं, अन् मी ऐंशी-ऐंशी करत घरभर फिरलो.

परवा मी उरल्याले गेलो. गुलाबराव अजून तिथंच आहे, चष्मा जाड झाला. काटा आता डिजिटल आहे, दहा-दहाचा. मी त्याले म्हटलं, मी चढतो, तू आकडा मोठ्यानं सांग. तो म्हणे, "कायले बे हिरालाल, डोकं फिरलं का?" मी म्हटलं, सांग म्हटलं ना. पाच-सहा ट्रक लाइनमध्ये उभे होते. मी चढलो. तो ओरडला, "नब्बे!" एका ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "दादा, माल कहाँ खाली करना है?" सगळे हसले. मी पण हसलो. पासष्ट वर्षांचा माणूस, मिशा पिकल्या, मिलमध्ये लोक मले घाबरायचे, अन् माझे कान तापले, पाय त्या पत्र्यावरून उतरेनात.

त्या दिवशी तू हसली होतीस असं मले आठवत होतं. मी आईलेही तेच सांगत आलो, की पोट्टी तं हसत होती. आता माहीत झालं, तसं हसू कसं येते ते.

माझं चुकलं, चेतू. मी हे अठरा वर्षांपूर्वी गेटवरच म्हणायले पाहिजे होतं, त्या सगळ्या लोकांसमोर. तेव्हा नाही म्हटलं. आता कागदावर म्हणून राहिलो.

बाबा


बंगळूर
१३ जून २०२५

बाबा,
जयभीम.

मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका सांभाळून घ्या.

पायल दुपारी बोलते ती मैत्रीण मी आहे. एकतीस मेपासून रोज. तुम्हाला सांगायचं नाही असं मीच तिला म्हटलं होतं. मला अजून राग होता. तिला मी पहिल्या दिवशी विचारलं, ताट आत नेऊन कुठे तोंड करून बसतेस? ती म्हणाली, दीवार की तरफ. मी म्हटलं, मैं भी.

आता माझं ऐका. तुमचं पहिलं पत्र मला एकोणीस तारखेला मिळालं. "ओळखीतला माणूस" वाचून वाटलं, तुम्हीच टबात बसताय आणि सांगायला लाजताय. मी म्हटलं, बसू दे, जरा कळू दे. तरी उत्तर लिहिलं होतं. कुडकुडणं कधीही दाबू नका, कुडकुडणं थांबलं तर लगेच बाहेर काढा, असं त्यात स्पष्ट होतं. ते पाकीट टेबलावर तसंच पडून राहिलं. माझ्याकडे धम्मदीपचा नंबर होता. एक फोन केला असता तर वीस तारीख आली नसती. तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं आहे, त्यातलं एवढं माझं आहे.

तुम्हाला पट्ट्याचं बरोबर समजलंय. माझ्या विद्यार्थ्यांना एवढं पटकन समजत नाही. पण कुडकुडणं म्हणजे चूक नव्हे, थंडीत स्नायू आधी तेच करतात. दुसरी तऱ्हा, तुमचा तो सैल पट्टा, हळूहळू येते, कित्येक दिवसांनी. आणि त्यालाही जाळायला काही लागतं. उपाशी मुलीच्या अंगात काय जळणार? हे सगळं उंदरांतलं आहे. माणसांत याचं औषध होईल का, मला अजून माहीत नाही. पेपरवाल्याला मी तीनदा सांगितलं, त्यानं छापलं नाही. आणि झालंच औषध, तर ज्यांची साखर, गुडघे, काळीज वजनापायी धोक्यात आहे त्यांच्यासाठी असेल. कोणी हसतं म्हणून घ्यायचं औषध मी बनवत नाहीये.

त्या दिवशी मी बहात्तर किलो होते. संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी वजनकाट्यावर जाऊन पाहिलं होतं. तुम्हाला सांगायला बाहेरच्या खोलीपर्यंत आले होते. तुम्ही पेपर वाचत होता.

शनिवारी, एकवीसला सकाळच्या गाडीनं येते. दहा दिवस राहीन. स्टेशनवर यायचं असेल तर या. आल्याबरोबर बारीक झालीस, जाड झालीस, काही म्हणू नका. जेवलीस का, एवढं विचारा. आणि मी जे उत्तर देईन त्यावर पुढे काही बोलू नका.

चेतना


बिरगाव
रविवार, २२ जून २०२५, दुपार

चेतना,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस अन् मी बाहेर ओट्यावर बसून तुले पत्र लिहून राहिलो. सुजातानं पाह्यलं, हसली. आज तिनं मले आपणहून चहा दिला, तेही तुले सांगतो.

समोर बोलायले गेलो की माझ्या तोंडून भलतंच निघते, हे तुले माहीत आहे. म्हणून हे लिहून ठेवतो. एक तं ते पाकिटाचं. ते तुझं ओझं नाही. पोट्टीले टबात मी बसवलं, तू नाही. तुझ्या टेबलावरचा कागद अन् माझा हात, याच्यात फरक आहे. पुन्हा ते मनात आणू नको.

दुसरं, बहात्तर. मी ते लॉगबुकात लिहिलं. ज्या पानावर "कंप बंद" आहे त्याच्या समोरच्या पानावर. "चेतना, बहात्तर. काटा चुकीचा होता, माणूसही." मग लॉगबुक रद्दीत टाकणार होतो, पायलनं टाकू दिली नाही. म्हणे, बुआ को चाहिए. तुले ती कायले पाहिजे ते तू जाण.

काल स्टेशनवर मी गाडीच्या एक तास आधी येऊन बसलो होतो. काय म्हणायचं ते मनातल्या मनात घोकून ठेवलं होतं, शाळेतल्या पोट्ट्यासारखं. तू डब्यातून उतरली. तू तशीच आहेस, भरलेली, आईसारखी चालतेस, आईसारखीच बॅग उजव्या हाताले बदलतेस. मी म्हटलं, "जेवलीस का?" मले वाटलं तू हो म्हणशील, अन् मी ठरल्याप्रमाणं गप्प राहीन.

तू म्हटलं, "नाही बाबा. भूक लागली."

तू मले म्हटलं होतं ना, उत्तरावर काही बोलू नका. सोळा वर्षांची होती तेव्हापासून तू माझ्यासमोर भूक लागली म्हटलं नव्हतं. मी बॅग उचलली अन् चालायले लागलो, भलत्याच गेटकडे. तुले वाटलं असेल म्हातारा रस्ता विसरला.

घरी आल्यावर तू बासी मागितली, रात्रभर पाण्यात भिजलेला भात, दह्यातला, वर कांदा. बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, माझ्यासमोर मांडी घालून बसली. पायल दारात उभी होती ताट घेऊन, आत जायच्या तयारीत. तुझी पहिली वाटी संपली, तू दुसरी घेतली, कोणाकडे न पाहता. पायल मले वाटते दोन मिनिटं तरी उभी होती. मग तुझ्या बाजूले बसली. तिनं विचारलं, "बुआ, इतना रिसर्च किया, खुद पर नहीं किया?" तू म्हटलं, "मुझे ठंड कम लगती है, बस, इतना ही फायदा है." ती हसली अन् तिच्या नाकात भात गेला. तिनंही दुसरी वाटी घेतली. मी पंख्याकडे पाहत होतो. तुम्हा दोघींकडे पाह्यलं असतं तं माझं काही खरं नव्हतं.

आत्ता मी चादर द्यायले आत आलो होतो. कूलरचं पाणी ताजं आहे, खोली थंड झाली. पायल तुझ्या पोटावर हात टाकून झोपली आहे. थर्मामीटर मी फेकून दिलं, म्हणून तिच्या तळपायाले हात लावून पाह्यला. गरम होता. तुझा हात बाहेर पडला होता, त्यालेही लावला. तोही गरम. कोणी काही करून राहिलं नाही, दोघी नुसत्या पडल्या आहेत, अन् तरी गरम आहेत. आयुष्यभर मी तुले म्हणत आलो, बसल्या बसल्या काय करते. मले माहीतच नव्हतं, चेतू.

उठली की हे वाच. नाही वाचलं तरी चालेल. संध्याकाळसाठी सुजातानं अंड्याचा रस्सा टाकला आहे, भाकरी मी थापतो म्हटलं, वाकड्या झाल्या तं हसू नका. बाहेरच्या खोलीत तीन पाट मांडून ठेवतो. तिसरा माझा आहे. तुले चालत असेल तं मी तुमच्यासोबत बसतो.

बाबा